टोपी स्ट्रूटसारखी

स्टेनरूड, रविवार, १५ सप्टेंबर १९७४

प्रिय हेल्मर,

तुझं पुस्तक मिळालं. पानं चोवीस, पण पाकिटावर तू ठळक अक्षरात 'ग्रंथ' लिहिलं होतंस, म्हणून पोस्टमनने बिचाऱ्याने दोन्ही हातांनी आणून दिलं. 'आपल्या पंचक्रोशीतील खाण्याजोग्या अळंब्या. लेखक : हेल्मर ब्युरमान, निवृत्त भाषाशिक्षक, उप्साला.' चाळीस वर्षांपूर्वी गाव सोडलेल्या माणसाची 'आपली पंचक्रोशी' वाचून बरं वाटलं. आपल्या घरात अळंबी कुणी खाल्ली नाही हेही तू विसरला नसशीलच. बाबा म्हणायचे, अळंबी दोघंच खातात, गाय आणि पाद्री, आणि दोघांनाही फुकट मिळते म्हणून.

आता गंमत ऐक. जूनमध्ये भर जेवणात तू म्हणालास की आमच्या आर्विडला अळंबी आणि दाराची मूठ यांतला फरक कळत नाही. सगळे हसले. आर्विड हसला नाही, तुला आठवतं का? तो असलं बोलणं खिशात घालतो आणि महिनोन्‌महिने चाचपत बसतो. एकतीस वर्षांच्या संसारात या माणसाला मी दोनच पुस्तकं वाचताना पाहिलं आहे : ट्रॅक्टरचं माहितीपत्रक, आणि प्रार्थनेचं पुस्तक, तेही मी शेजारी बसले असेन तर. पण तुझा 'ग्रंथ' त्याने चार दिवस वाचला. गुरुवारी टोपली घेऊन दलदलीपलीकडच्या रानात गेला आणि भरून घेऊन आला.

"हे बघ," म्हणाला, "आठवा नंबर. पिवळपायी." आणि ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द लावायला लागला. "'रंग तपकिरी.' आहे? आहे. 'देठ पिवळसर.' आहे? आहे. 'टोपी स्ट्रूटसारखी.' आहे? 'शेवाळात घोळक्याने उभी.' अगं, अगदी डिसेंबरात लुसियाच्या सणाला ती तारेवाली पोरं डोक्यावर ताऱ्यांची कागदी स्ट्रूट चढवून रांगेत उभी राहतात ना, तश्शी उभी होती!"

मी खाल्ली नाही. पित्ताशयाचं दुखणं झाल्यापासून तळलेलं मला बंद आहे. त्याने मात्र लोण्यावर परतून, वर साय घालून, राय धान्याच्या पावावर गुरुवारी खाल्ली, शुक्रवारी खाल्ली आणि काल उरलेली संपवली. वर म्हणाला, "आता कळव त्या मास्तरला."

तेव्हा कळवते आहे. दाराच्या मुठी आमच्या घरात सगळ्या जागेवर आहेत.

तुझी
गुनबोर्ग


उप्साला, १९ सप्टेंबर

प्रिय गुनबोर्ग,

तुझं पत्र दोनदा वाचलं. आर्विडसारख्या माणसाने पुस्तक हातात धरून रानात जावं आणि टोपली भरून परतावं, याहून मोठी पावती लेखकाला कोणती हवी? माझे शब्द मागे घेतो. त्याला सांग, दाराची मूठ हा विषय माझ्याकडून कायमचा बंद.

तुला म्हणून सांगतो, हे पुस्तक सहजासहजी झालेलं नाही. आपल्या गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष, ते औषधवाले सेडरग्रेन, त्यांचा आग्रह असा की प्रत्येक अळंबीचं चित्र हवं. मी म्हटलं, धड लिहिलेल्या वाक्याला चित्राच्या कुबड्या लागत नाहीत. मग ते म्हणाले, पिवळपायीला लोक 'नरसाळी अळंबी' म्हणतात, तेच नाव ठेवा. मी म्हटलं, नरसाळ्याला आपण जो शब्द वापरतो तो जर्मन व्यापाऱ्यांनी आणलेला, माझ्या पुस्तकात त्याला थारा नाही. मग म्हणे 'शंक्वाकृती' लिहा. शंक्वाकृती! ही काय भूमितीची परीक्षा आहे? आपल्या भाषेत इतका गोड, घरचा शब्द असताना? स्ट्रूट! मूल चालायला लागलं की त्याच्या हातात काय देतात? कागदाची गुंडाळी करून, खालचं टोक मुडपून, आत गोळ्या भरून दिलेली स्ट्रूट. वर पसरट, खाली निमुळती, आतून पोकळ. पिवळपायीचं याहून नेमकं वर्णन त्या आठ अक्षरांच्या लॅटिन नावानेसुद्धा होत नाही.

जाता जाता एक : तारेवाल्या पोरांची तुझी (की आर्विडची?) उपमा मोठी चित्रमय आहे, पण उलटी आहे. शाळेत असतानाही तुझ्या निबंधांत उपमा पाय वर करूनच चालायच्या. असो. भाव पोचला.

इथे हवा कोरडी. गुडघा दुखतो.

तुझा
हेल्मर


स्टेनरूड, २५ सप्टेंबर

प्रिय हेल्मर,

गुडघ्याला कापूर चोळ, आणि माझ्या निबंधांना मार्क देणं आता बंद कर. मी पंचावन्न वर्षांची आहे.

आर्विडचं काही खरं नाही. शनिवारपासून त्याला तहान लागते. तहान म्हणजे साधी नाही. बादलीला तोंड लावून पितो, घोड्यासारखा, आणि पुन्हा तोंडाला कोरड आहेच. रात्रीतून सहा वेळा उठायचा. काल सकाळपासून तेही बंद झालं, म्हणजे पितो तेवढंच, पण बाहेर काही येत नाही. कमरेत कळा आहेत. थंडी वाजते, पण ताप नाही. तो म्हणतो, बटाट्याची पोती उचलली म्हणून कंबर धरली. मी म्हटलं, पोती दर वर्षी उचलतोस, बादली दर वर्षी पीत नाहीस. तर म्हणाला, "या वर्षी म्हातारा झालो. आणि हे तुझ्या भावाला लिहू नकोस, नाहीतर तो कंबर या शब्दावर चार पानं पाठवेल."

डॉक्टरकडे जायचं नाव काढत नाही. उद्या मी ट्रॅक्टरची किल्ली लपवणार आहे.

आणि मला एक कळलं नाही. उपमा उलटी म्हणजे काय? तारेवाल्या पोरांच्या स्ट्रूटचं टोक वर असतं. आर्विडने आणलेल्या अळंबीचंही टोक वरच होतं, मधोमध, चिमटीत धरून ओढल्यासारखं. मी स्वतः निवडून धुतल्या आहेत. यात उलटं काय आहे?

गुनबोर्ग


उप्साला, २७ सप्टेंबर, तातडीचं टपाल

गुनबोर्ग,

पत्र आत्ता मिळालं. तीन वेळा फोन केला, तुमच्याकडे कुणी उचलत नाही. फोनवर मला ऐकू येत नाही हे तुला ठाऊक आहे, पण घंटा वाजते आहे एवढं कळतं. दुकानात फोन लावला. तिथल्या बाईंनी ओरडून सांगितलं की तुम्ही काल रुग्णवाहिकेतून शहरात गेलात.

डॉक्टरांना सांग की आर्विडने अळंबी खाल्ली आहे. तारीख सांग. दोन आठवडे झाले म्हणून ते क्षुल्लक मानतील, मानू देऊ नकोस. टोक वर असलेली, तपकिरी, पिवळ्या पट्ट्यांच्या देठाची एक जात असते. पिवळपायी नव्हे ती. तिचं विष दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस गप्प बसतं आणि मग मूत्रपिंड धरतं.

आर्विडची वाचताना काहीतरी चूक झाली असावी.

हेल्मर


शहरातलं इस्पितळ, ३ ऑक्टोबर

हेल्मर,

तुझं तातडीचं पत्र दुकानातून इथे फिरून आलं. डॉक्टरांना ते कळलं होतं.

डॉक्टर बाई आहेत, लिंडेलोफ म्हणून, तिशीतल्या, केस मुलासारखे कापलेले. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "गेल्या महिन्यात रानातलं काही खाल्लं होतं?" आर्विड म्हणाला, "पुस्तकातलं खाल्लं होतं." त्यांनी दोन रंगीत चित्रं समोर धरली. एकात टोपी खोलगट, मधोमध खड्डा पडलेला. दुसऱ्यात टोक वर. आर्विडने दुसऱ्यावर बोट ठेवलं. बाई खाली बसल्या. डॉक्टर उभ्याचे बसले की मला भीती वाटते.

दोन्ही मूत्रपिंडं बंद आहेत. हाताच्या शिरेत नळ्या घालून रक्त बाहेर काढतात, यंत्रातून धुतात, परत आत सोडतात. दिवसाआड. प्रत्येक खेपेला सात तास. पुन्हा चालू होतील का, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "बघू." हा 'बघू'ही तुझ्या स्ट्रूटसारखाच. टोक कुठे आहे ते सांगत नाही.

आता पुस्तकाचं ऐक. ते आर्विडच्या कोटाच्या खिशात होतं, लोण्याच्या डागासकट. बाईंनी आठवा नंबर मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "पण हे तर बरोबर आहे. हे नरसाळी अळंबीचंच वर्णन आहे की!" खाट नीट करणारी नर्स थांबली. "नाही हो डॉक्टर, हे त्या विषारीचं आहे. टोपी स्ट्रूटसारखी." "तेच म्हणतेय मी, स्ट्रूटसारखी." "अहो, मीही तेच म्हणतेय!" शेवटी दोघींनी तापाच्या तक्त्यामागे चित्रं काढली. डॉक्टरांनी आइस्क्रीमचा कोन काढला, नर्सने लुसियाची टोपी. मग वॉर्डातल्या एकेकाला विचारलं. सहा माणसं. चौघांनी टोक वर काढलं, दोघांनी खाली, आणि त्या दोघांतल्या एकाचं मिठाईचं दुकान आहे.

आर्विड म्हणाला, "मतदान झालं. मी निवडून आलो." मग भिंतीकडे तोंड करून झोपला. एकतीस वर्षांत मी त्याची पाठ इतक्या वेळा पाहिली, पण ती अशी कधी हललेली पाहिली नव्हती.

तू म्हणतोस, वाचताना चूक झाली. हेल्मर, तू लिहिलं आहेस 'टोपी'. टोपी स्ट्रूटसारखी. टोपी म्हटल्यावर माणूस ती डोक्यावर ठेवणार, की तिच्यात गोळ्या भरणार?

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शहाणा तू आणि मार आर्विडला.

आता पुढचं, आणि हे नीट वाच. तुझं पुस्तक दुकानाच्या काउंटरवर आहे, चर्चच्या दारात आहे, मंडळाने घरोघर वाटलं आहे. अळंबीचे अजून तीन आठवडे बाकी आहेत. ते मागे घे. आज. वर्तमानपत्राला कळव.

गुनबोर्ग


उप्साला, ७ ऑक्टोबर

प्रिय गुनबोर्ग,

तुझ्या पत्राने झोप उडाली आहे. आर्विडसाठी संत्र्यांची पेटी पाठवली आहे.

सेडरग्रेन यांच्याशी पत्राने बोललो. दुकानातल्या प्रती त्यांनी काउंटरखाली ठेवायला सांगितल्या आहेत. वर्तमानपत्राबाबत घाई करू नये असं त्यांचं मत आहे. मंडळाला पुढल्या वर्षी पन्नास वर्षं होतात, आणि जिल्ह्याच्या अंकात 'अळंबीच्या पुस्तकाने माणूस आजारी' असा मथळा आला तर पन्नास वर्षांवर पाणी पडेल. वसंतातल्या वार्तापत्रात शुद्धिपत्र छापू असं ते सुचवतात. मलाही ते विचारान्ती योग्य वाटतं. लोक घाबरले की पुस्तकं जाळतात, वाचत नाहीत.

आणि न्यायाने पाहा. सेडरग्रेन यांचा 'शंक्वाकृती' तरी कुठे दिशा सांगतो? शंकूलाही टोक एकच आणि ते कुठेही फिरवता येतं. वाचकाचीही काही जबाबदारी असते. प्रस्तावनेत मी स्पष्ट म्हटलं आहे की शंका आल्यास जाणकाराला दाखवावी. आर्विडला शंका आली नाही, याला मी काय करू?

शब्दाविषयी म्हणशील तर मी मोठा शब्दकोश काढून पाहिला. तो माझ्या बाजूने आहे.

तुझा
हेल्मर

ता.क. संत्री साल काढून दे, आर्विडला धीर नसतो.


शहरातलं इस्पितळ, ११ ऑक्टोबर

हेल्मर,

संत्री आली. आर्विडला संत्रं चालत नाही. मूत्रपिंड बंद असलं की संत्र्याने हृदय थांबू शकतं, असं लिंडेलोफबाईंनी सांगितलं. पेटी नर्सेसनी वाटून घेतली. तू काहीही पाठव हेल्मर, त्याचं टोक बरोबर आमच्याकडेच असतं.

आर्विडला शंका का आली नाही ते सांगते. पुस्तक तुझं होतं. एरवी तो दुकानातल्या दुधावरची तारीखसुद्धा दोनदा बघतो. पण "मास्तर शब्दात चुकणार नाही, माणूस कसाही असो," असं तो मला म्हणाला होता, टोपली उचलताना. मी ते तुला लिहिलं नव्हतं. तू फुगशील म्हणून.

काउंटरखालच्या प्रतींनी कुणी मरत नाही. घराघरांतल्यांनी मरेल. तू जाणार आहेस की मी या खाटेजवळून उठून जाऊ?

शब्दकोशाला माझा नमस्कार सांग.

गुनबोर्ग

घराची किल्ली दुधाच्या कॅनखाली आहे.


स्टेनरूड, तुझं स्वयंपाकघर, ४ नोव्हेंबर

प्रिय गुनबोर्ग,

तीन आठवडे मी इथे आहे हे शेजाऱ्यांनी तुला कळवलं असेलच. कोंबड्या ठीक आहेत. त्यांतली एक मला पाहिलं की लपते. बहुधा तिने पुस्तक वाचलं आहे.

मी आलो त्याच दिवशी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात गेलो. मथळा सेडरग्रेन यांना वाटला होता त्याहून वाईट आला, आणि खाली माझं नाव पूर्ण आलं. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. मग तुझ्या जुन्या सायकलवरून घरोघर हिंडलो. दार उघडलं की टोपी काढून सांगायचं, "मी हेल्मर ब्युरमान. माझ्या पुस्तकातला आठवा नंबर चुकला आहे. माझ्या मेहुण्याची मूत्रपिंडं त्याने गेली. पुस्तक परत द्या." पहिल्या दिवशी मी 'चुकला आहे' ऐवजी 'संदिग्ध आहे' म्हणत होतो. गिरणीजवळच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "संदिग्ध म्हणजे कुठला रोग?" दुसऱ्या दिवसापासून चुकला म्हणायला लागलो.

लोक पुस्तक सहज देतात. एकीने तर ते टेबलाच्या आखूड पायाखालून काढून दिलं आणि म्हणाली, "बरोब्बर जाडीचं होतं हो. आता त्याच्या बदली काय देताय?" पण सरोवरापलीकडची ती वेंडेलाबाई, तुझ्या वर्गातली, तिने विचारलं, "आठवा नंबर म्हणजे पिवळपायी ना? मी यंदा वाळवली आहे की!" फडताळातून बरणी काढली. मुलीला नाताळला पाठवायची म्हणून वर लाल फीत बांधून ठेवलेली. मी ती वर्तमानपत्रावर ओतली. गुनबोर्ग, एक तासभर एकेक वाळलेला तुकडा मी भिंगाखाली धरला. बहुतेक सगळ्या चांगल्या होत्या. चार नव्हत्या. वाळल्यावरही त्यांचं टोक वर होतं. वेंडेलाबाई म्हणाली, "पण मास्तर, टोपी स्ट्रूटसारखीच आहे ना?" मी हो म्हटलं. काय म्हणणार होतो? स्ट्रूटसारखीच होती.

बरणी मी चुलीत रिकामी केली. परतताना सायकल ढकलत आणली, बसता येईना.

आता दोन गोष्टी, ज्या मी तुझ्यापासून लपवल्या.

शब्दकोश माझ्या बाजूने नाही. गोळ्यांच्या पुडीचा अर्थ त्यात आहे, पण नंतरचा. आपल्या जुन्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ टोकदार टोपरं, डोक्यावरचं. मी ज्या शुद्ध, घरच्या, जुन्या शब्दासाठी नरसाळ्याला हाकललं, तो मुळात आर्विडच्या अर्थाचाच निघाला. हे मला ५ ऑक्टोबरला कळलं होतं. तुला पत्र लिहिलं सातला.

दुसरी याहून वाईट. तुझ्या पहिल्याच पत्रात तारेवाली पोरं होती. मी ती वाचली आणि मला दिसलं, लख्ख दिसलं, की टोक वर आहे. 'उपमा उलटी आहे' असं मी तुला लिहिलं. माझ्या हाताने. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या. चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ मारायची आणि पान उलटायचं, एवढंच बोटांना ठाऊक. त्या पोरांखाली मी रेघ मारली आणि पान उलटलं. आर्विडने शेवटची खाल्ली त्याला तेव्हा पाच दिवस झाले होते. लिंडेलोफबाईंना मी पत्र लिहून विचारलं, पाचव्या दिवशी आला असता तर? त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं : 'सांगता येत नाही.' त्या भल्या आहेत.

आर्विडला हे वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. तुझं तू ठरव. सात प्रती अजून सापडायच्या आहेत. मिळेपर्यंत मी इथेच आहे.

हेल्मर


शहरातलं इस्पितळ, १४ डिसेंबर

मेहुण्या,

गुनबोर्गने तुझं पत्र वाचून दाखवलं. पाच आठवडे झाले. मला लिहायला वेळ लागतो आणि उजव्या हातात नळ्या असतात, म्हणून डाव्याने लिहितो आहे. अक्षराला मार्क देऊ नकोस.

मूत्रपिंडं परत येणार नाहीत. डॉक्टरबाईंनी 'बघू' म्हणणं बंद केलं आहे. सोमवारपासून घरी राहीन आणि आठवड्यातून तीनदा टॅक्सीने इथे येईन. दाराच्या मुठी मला आता खरंच पाठ झाल्या आहेत, इथली डावीकडे फिरते.

तू मला आधी कळवायला हवं होतंस. तो राग मी ठेवणार आहे, तो काही मी वाळवून बरणीत घालून कुणाला नाताळला देणार नाही. पण तू सायकल ढकललीस ते बरं केलंस. वेंडेलाची मुलगी लहान असताना मी तिला घोड्यावर बसवायचो.

काल लुसिया होती. वॉर्डात पोरं आली. पांढरे सदरे, डोक्यावर स्ट्रूट, टोक वर, सोनेरी तारे चिकटवलेले. गाणं झाल्यावर त्यांतल्या एकाने डोक्यावरची काढली, उलटी धरली, आणि नर्सने तिच्यात आल्याची बिस्किटं ओतली. मग तो एकेका खाटेशी जाऊन वाटत सुटला. तीच स्ट्रूट, मेहुण्या. पाच मिनिटांपूर्वी माझी होती, आता तुझी झाली. मी इतका हसलो की यंत्राची घंटा वाजली.

गुनबोर्ग म्हणते, पुस्तक पुन्हा छापायचं चाललं आहे, चित्रांसकट, पण आठव्या नंबराचं वाक्य तुला सुचत नाही. तू सतरा कागद फाडलेस म्हणे माझ्या चुलीपाशी. मी लिहून देतो. तसंच छाप, शुद्ध करू नकोस :

'अळंबी उभी असताना तिच्यावर पाऊस पडतो आहे असं समजा. जिच्यावरून पाणी ओघळून जाईल तिला हात लावू नका. जिच्यात पाणी साठेल ती अशा माणसाला दाखवा, ज्याने ती पूर्वी खाल्ली आहे आणि जो अजून हिंडतोफिरतो आहे.'

मला दिवसाला पाच कप पाणी मिळतं, कॉफीचे कप, छोटे. सूप धरून. पहिला मी सकाळी घेतो आणि तो अर्धा तास पुरवतो. तेव्हा कशात पाणी राहतं आणि कशावरून निघून जातं, हे या पंचक्रोशीत आता माझ्याइतकं कुणाला कळत नाही.

आर्विड